ऊन पोळतं ते उष्णतेनं नव्हे



"यूव्ही" हा शब्द आपण शेतकरी दवाखान्यात शिकलो नाही, प्लास्टिकच्या दुकानात शिकलो. पॉलिहाऊसचा कागद घ्यायला गेलं की दुकानदार पहिलं हेच सांगतो, "यूव्ही स्टॅबिलाईज्ड आहे, २०० मायक्रॉन." शेडनेट, क्रेट, पाण्याची टाकी, ताडपत्री, सगळीकडे तोच शब्द. साधी पांढरी नळी उन्हात पडली की दोन उन्हाळ्यांत कडक होऊन बोटानं मोडते. ठिबकची काळी लॅटरल मात्र वर्षानुवर्षं रानात पडून असते, तिला काही होत नाही. तिच्यात काजळी घातलेली असते. उन्हातला घातक भाग काजळी स्वतःवर घेते आणि आतलं प्लास्टिक वाचतं.

नळीबद्दल आपल्याला एवढं कळतं. पण ती नळी अंथरणाऱ्या माणसाच्या मानेला संध्याकाळी आग होते तेव्हा घरात एकच निदान होतं, "उष्णता झाली." मग सब्जा, ताक, कांदा, तळपायाला तूप. यातलं काही वाईट नाही. पण निदान अर्धवट आहे, आणि अर्धवट निदानामुळे कधी कातडी जाते, कधी माणूस. म्हणून आज पिकाची नोंद नाही. आज कातडीची, आणि तिच्यामागच्या दोनशे वर्षांच्या इतिहासाची.

आधी शब्दांचं बघू. उन्हासाठी आपल्याकडे शब्द कमी नाहीत. ऊन लागतं, झळ बसते, अंग रापतं, तोंड काळवंडतं, पाठ पोळते. यातलं "ऊन लागणं" म्हणजे उष्माघात. आतून शरीर तापतं, डोकं काम करेनासं होतं, माणूस पडतो. "पोळणं" म्हणजे वरची कातडी जाळून निघणं. हे दोन आजार वेगळे आहेत, उपाय वेगळे आहेत, पण बोलताना आपण दोन्ही एकाच पोत्यात भरतो.

दुसरा एक गैरसमज म्हणजे सावळी कातडी उन्हानं भाजत नाही. भाजते. गोऱ्या माणसासारखी लालभडक दिसत नाही एवढंच. रात्री गोधडी टोचते, सदरा काढताना चरचरतं, कातडी ताणल्यासारखी होते, आणि चार-पाच दिवसांनी मानेवरून लसणाच्या सालीसारखे पापुद्रे निघतात. हे ज्याला झालं नाही असा माणूस मला वैशाखात तरी भेटलेला नाही.

आता यातली एक गोष्ट प्रत्येकानं अनुभवलेली असते, पण तिचा विचार कुणी करत नाही. तापल्या तव्याला बोट लागलं तर त्याच क्षणी कळतं. उन्हाचं तसं नाही. दुपारी १२ ते ३ खुरपणी केली तर त्या वेळी फक्त गरम होतं. आग सुरू होते दिवस मावळल्यावर, तीन-चार तासांनी. ती सगळ्यात वाढते दुसऱ्या दिवशी. जर हे उष्णतेनं भाजणं असतं तर तव्यासारखं लगेच कळायला हवं होतं. हा उशीर का?

याचं उत्तर शोधायला माणसाला शंभरावर वर्षं लागली. १८०० साली विल्यम हर्शेल या खगोलशास्त्रज्ञानं काचेच्या लोलकातून उन्हाचे सात रंग पाडले आणि प्रत्येक रंगात थर्मामीटर ठेवला. तांबड्याच्या पलीकडे, जिथं डोळ्याला काहीच दिसत नाही, तिथं पारा सगळ्यात जास्त चढला. उन्हातली न दिसणारी उष्णता त्याला सापडली. पुढच्याच वर्षी, १८०१ मध्ये, जर्मनीत योहान रिटर यानं दुसरं टोक तपासलं. त्यानं चांदीचा एक क्षार वापरला, जो उजेडात काळा पडतो. जांभळ्याच्या पलीकडे, अंधाऱ्या जागी, तो क्षार सगळ्यात लवकर काळा पडला. म्हणजे त्या बाजूलाही काहीतरी होतं, ज्याला उष्णता फारशी नव्हती, पण रासायनिक बदल घडवायची ताकद होती. आज आपण त्यालाच अतिनील किरण, म्हणजे यूव्ही म्हणतो. ऊन एक नाही, एका टोकाला तापवणारं आणि दुसऱ्या टोकाला जाळणारं, अशी दोन टोकं आहेत.

पण कातडीशी याचा संबंध तेव्हा कुणी नीट जोडला नव्हता. लंडनमध्ये एव्हरार्ड होम नावाचा सर्जन होता. त्याला एक कोडं पडलं होतं. काळा रंग उष्णता जास्त ओढतो, मग कडक उन्हाच्या देशांतली माणसं काळी का? त्यानं तर जास्त भाजायला पाहिजे. त्यानं १८२० मध्ये स्वतःच्या हातांवर प्रयोग केला. दोन्ही हात उन्हात धरले. एक उघडा, दुसऱ्यावर काळं कापड, आणि दोन्हीकडे थर्मामीटर. काळ्या कापडाखाली पारा जास्त चढला, उघड्या हातावर कमी राहिला. तरी भाजला तो उघडा हात. जास्त तापलेल्या, झाकलेल्या हाताला काही झालं नाही. हे त्यानं १८२१ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापलं.

मला हा प्रयोग फार आवडतो, कारण तो कुणालाही आपल्या बांधावर करून बघता येईल इतका साधा आहे. आणि ठिबकच्या नळीचं गणितही हेच आहे. काळी नळी हाताला चटका देते इतकी तापते, पण टिकते तीच. आपल्या कातडीत जो काळा रंग आहे तो या नळीतल्या काजळीचंच काम करतो.

पुढे १८८९ मध्ये स्टॉकहोमच्या एरिक विडमार्क या डोळ्यांच्या डॉक्टरनं विजेच्या कमानदिव्याचा उजेड पाण्यातून सोडून त्यातली उष्णता गाळून घेतली. उष्णता गेली तरी कातडी भाजली. मग त्यानं मध्ये साधी काच धरून अतिनील किरण अडवले, तेव्हा भाजली नाही. इथं गोष्ट पक्की झाली. डेन्मार्कच्या नील्स फिनसेननं तर आपल्या हातावर काळ्या शाईचा पट्टा ओढला आणि हात उन्हात धरला. शाई धुतली तर खालची कातडी जशीच्या तशी, बाजूची लाल. काही तासांनी बाजूची सुजली आणि दुखायला लागली. मग ती बाजू सावळी झाली. पुन्हा शाई न लावता हात उन्हात धरला तेव्हा आधी वाचलेला पट्टाच भाजला. या शाईत काय असतं? काजळीच. फिनसेनला पुढे प्रकाशाच्या उपचारांसाठी १९०३ चं नोबेल मिळालं. १९२२ मध्ये हाउसर आणि वाले या दोन जर्मन संशोधकांनी नेमके कोणते किरण पोळतात ते मोजलं. २९७ नॅनोमीटरच्या आसपासचे सगळ्यात जास्त, ३१५ च्या पुढचे फारच कमी.

या आकड्यांचा आपल्याला उपयोग आहे. साधी काच हे पोळणारे किरण बहुतेक अडवते. म्हणून एसटीच्या बंद खिडकीशी बसलात तर घामानं भिजाल, पण दंड सहसा सोलून निघणार नाही. उलट पातळ ढग ते बरेचसे येऊ देतात. जूनमध्ये आभाळ आलेलं असतं, वारा गार असतो, पेरणीच्या घाईत दिवसभर उघड्या मानेनं काम होतं आणि रात्री मान पेटते. लोक म्हणतात, ऊन तर नव्हतं. तापवणारं ऊन नव्हतं, पोळणारं होतं. ओळखायची खूण सोपी आहे. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तोवर पोळणारे किरण जोरात असतात, मग हवा गार असो की गरम.

रुपेरी मल्चिंगवर मिरची-टोमॅटोची लागण करणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवा. ती रुपेरी बाजू अतिनील किरण वर फेकते, मावा-फुलकिडे त्यानंच बिचकतात. वाकून रोप लावणाऱ्याच्या हनुवटीखाली आणि नाकाखालीही तेच किरण येतात. टोपी तिथं पुरत नाही.

आता एक उलटी फजिती सांगतो. पोळणं किरणांनी होतं हे कळल्यावर साहेब लोकांनी ऊन लागणंही किरणांच्याच खात्यात टाकलं. त्यांना वाटलं, हे किरण डोक्यात आणि पाठीच्या कण्यात शिरतात आणि म्हणून सैनिक कोसळतात. फोटोग्राफर लाल-नारिंगी काचेनं किरण अडवतात, मग माणसालाही लाल-नारिंगी कापडात गुंडाळा! १९०८ च्या सुमारास अमेरिकी लष्करानं फिलिपाईन्समध्ये सैनिकांना खरोखर नारिंगी-तांबडी अंतर्वस्त्रं घालून बघितली. फायदा काही झाला नाही, उलट ते कपडे जास्त गरम. कारण ऊन लागणं हा उष्णतेचाच आजार आहे. म्हणजे आपण पोळण्याला उष्णता म्हणतो ही एक चूक, आणि त्यांनी उष्माघाताला किरण म्हटलं ही दुसरी.

हा फरक रानात जीव वाचवणारा आहे. हात-मान पोळली असेल आणि माणूस नीट बोलतोय, पाणी पितोय, तर घरचे उपाय करा. पण अंग तव्यासारखं तापलंय, बरळतोय, उलट्या, चक्कर, झटके, तर तिथं कोरफड शोधत बसू नका. सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतून वारा घाला आणि गाडी काढा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका. घाम येतोय म्हणजे ऊन लागलेलं नाही असंही समजू नका. काम करता करता पडणाऱ्याला घाम असू शकतो.

पोळलेल्या कातडीच्या घरगुती उपायांचा इतिहासही बघण्यासारखा आहे. सगळ्यात जुना आणि सगळ्यात फुकट उपाय म्हणजे पाणी. भाजल्यावर गार पाणी लावावं यावर जेम्स अर्ल या इंग्रज सर्जननं १७९९ मध्ये निबंध छापला, तेव्हा भाजल्यावर शेक देणारे आणि जळजळीत औषधं लावणारे डॉक्टरही होते. पाणी आजही पहिल्या नंबरवर आहे. माठातल्या पाण्यात सुती फडकं भिजवा, न पिळता अंगावर टाका, दहा-पंधरा मिनिटं. तासा-दोन तासांनी पुन्हा. बर्फ चोळू नका, पोळलेल्या कातडीला बर्फानं वेगळीच इजा होते. पोटातही पाणी जाऊ द्या, कारण पोळलेली कातडी अंगातलं पाणी बाहेर टाकत राहते.

तुपाचं प्रकरण जरा नाजूक आहे. नुकत्या पोळलेल्या, गरम लागणाऱ्या कातडीवर तूप किंवा खोबरेल थापलं तर वरून थर बसतो आणि आतली धग आत राहते. आपल्या जुन्या लोकांना हे ठाऊक असावं, कारण आयुर्वेदात दाहासाठी साधं तूप नाही, धुतलेलं तूप आहे. शंभर वेळा धुतलं तर शतधौत, हजार वेळा तर सहस्रधौत. चरकसंहितेत तापातल्या दाहावर ते अंगाला लावायला सांगितलं आहे. माझी आजी तांब्याच्या परातीत तूप घ्यायची, त्यावर गार पाणी घालून तळहातानं फेसायची, पाणी काढायची, पुन्हा घालायची. हळूहळू तूप पांढरं, लोण्यासारखं हलकं होतं आणि तुपाचा वास जातो. तुपात पाणी बारीक कण होऊन बसतं. ते अंगावर लावलं की पाणी उडतं आणि थंड वाटतं. रोममध्ये गॅलेन या वैद्यानं दुसऱ्या शतकात मेण, तेल आणि गुलाबपाणी घोटून हेच केलं, त्याची आजची नात म्हणजे कोल्ड क्रीम. पहिल्या दिवशी पाणी, दुसऱ्या दिवसापासून कातडी कोरडी पडून ताणायला लागली की धुतलेलं तूप, असा क्रम मला पटतो. फोड फुटलेला असेल तिथं मात्र लावू नका.

चुन्याची निवळी आणि तेल घोटून भाजल्यावर लावायची पद्धत आपल्याकडे अनेक घरांत होती. गंमत म्हणजे स्कॉटलंडमध्ये हेच औषध लोखंडाच्या कारखान्यामुळे प्रसिद्ध झालं. १७५९ मध्ये सुरू झालेल्या कॅरन कारखान्यात कामगार भाजले की निवळी आणि जवसाचं तेल समभाग घोटून लावायचे. त्याला कॅरन ऑईल असंच नाव पडलं आणि ते डॉक्टरांच्या औषधकोशातही गेलं. पुढे जखमेत जंतू जातात म्हणून ते मागे पडलं. पडलं ते बरंच झालं. निवळीच्या नावाखाली कुणी ओला चुनाच थापला तर तो स्वतःच कातडी खातो. या उपायाला इतिहासात राहू द्या.

आणि कोरफड. ही आज सगळ्यांच्या तोंडी आहे, पण तिचा इतिहास लोक समजतात तसा नाही. इजिप्तमधल्या साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या एबर्स पपायरसमध्ये कोरफड आहे, आणि जुन्या काळातला तिचा मोठा व्यापार होता तो गराचा नव्हता. पान कापल्यावर जो पिवळा कडू चीक गळतो तो आटवून काळे खडे करायचे. तोच आपला काळा बोळ. अरबी व्यापारी तो सोकोत्रा बेटावरून न्यायचे. सतराव्या शतकात बार्बाडोसमध्ये मळे लागले आणि माल लंडनला जायला लागला. कशासाठी? जुलाबासाठी, माणसांना आणि घोड्यांना. क्रीमच्या बाटलीवर "अलो बार्बाडेन्सिस" असं नाव दिसतं त्याचं मूळ हे. झाड बार्बाडोसचं नाहीच, अरबस्तानचं आहे, पण १७६८ मध्ये फिलिप मिलरनं दिलेलं नाव चिकटून राहिलं.

कातडीसाठी गर लावायची रीत घरोघर जुनी असली तरी आधुनिक डॉक्टरांचं तिच्याकडे लक्ष गेलं ते १९३५ मध्ये. अमेरिकेत कॉलिन्स नावाच्या दोन डॉक्टरांनी एक्स-रेनं भाजलेल्या कातडीवर ताजं पान लावून गुण आल्याची नोंद छापली. त्या काळी एक्स-रे सढळ हातानं वापरत, त्यामुळे असे भाजलेले रुग्ण खूप असत. तिथून कोरफडीची कीर्ती सुरू झाली, ती आपल्याकडे २००० नंतर करार शेतीच्या रूपानं आली. आमच्या भागात रोपं विकणारे आले, पानं विकत घेणारे आलेच नाहीत. बांधावर अजून ती झाडं आहेत.

तर बांधावरची कोरफड कशी वापरायची? खालचं जाड पान बुडातून कापा आणि कापलेली बाजू खाली करून भांड्यात पंधरा-वीस मिनिटं उभं ठेवा. पिवळा चीक पूर्ण गळू द्या. घाईत चिकासकट चोळल्यामुळे खाज आणि पुरळ उठलेले लोक मी पाहिलेत आणि मग दोष कोरफडीला. मग साल काढून आतला पारदर्शक गर पाण्यानं धुऊन लावा. पहिल्यांदा लावत असाल तर आधी कोपराच्या आत थोडा लावून बघा. थंडावा नक्की मिळतो. उन्हानं पोळलेली कातडी त्यानं लवकर बरी होते का, यावर झालेले अभ्यास एकमताचे नाहीत. पोळण्याचं नुकसान पेशीच्या आत दुपारीच होऊन गेलेलं असतं. संध्याकाळी आपण जे लावतो ते आग शमवतं, झालेलं पुसत नाही.

मेडिकलमधला गुलाबी कॅलामाईन खाज आणि चरचर कमी करायला चांगला आणि स्वस्त आहे. तो म्हणजे पाण्यात कालवलेलं जस्त, आणि गुलाबी रंग लोखंडाचा, आपल्या तांबड्या मातीत असतो तसा. जस्ताची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. राजस्थानात उदयपूरजवळ जावर इथं जगातली सगळ्यात जुन्यांपैकी जस्ताची भट्टी सापडली आहे. तिथं मातीच्या ज्या मुशीतून जस्त गाळायचे तिला रसशास्त्राच्या ग्रंथात वांग्याच्या आकाराची मूस म्हटलं आहे. आपण मक्याला झिंक सल्फेट टाकतो, तोच धातू.

लागण्याआधी अडवणं हा मात्र खरा उपाय आणि त्याचा इतिहास शेतकऱ्यांशी थेट जोडलेला आहे. बोर्डो हे नाव आपल्या सगळ्यांच्या तोंडात आहे. फ्रान्सच्या बोर्डो भागात चोरांनी द्राक्षं खाऊ नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद-चुना शिंपडायचे, त्यावर केवडा येत नाही हे मिलार्डेनं पाहिलं आणि १८८५ मध्ये बोर्डो मिश्रण जाहीर केलं. त्याच बोर्डोत, त्याच काळात, विल्यम द्युब्रोय हा कातडीचा डॉक्टर होता. त्यानं वेली बघितल्या नाहीत, वेलीत काम करणारी माणसं बघितली. उघड्या राहणाऱ्या भागावर, चेहऱ्यावर आणि हाताच्या पाठीवर, खरखरीत चट्टे आणि त्यातून पुढे कॅन्सर. झाकलेल्या अंगावर नाही. १८९६ आणि १९०७ मध्ये त्यानं हे लिहिलं. पहिली गोष्ट आपल्यापर्यंत पोत्यात भरून आली, दुसरी आलीच नाही.

आपल्या सावळ्या कातडीला तो कॅन्सर गोऱ्यांच्या मानानं फार कमी होतो, घाबरवायचं म्हणून सांगत नाही. पण डोळ्याच्या कोपऱ्यातून बुबुळावर सरकणारं मांस आणि मोतीबिंदू यांच्याशी या किरणांचा संबंध आहे, आणि खालचा ओठ कायम सोललेला असणारे म्हातारे प्रत्येक गावात आहेत. आणि काहींना काजळीचं संरक्षणच नसतं. आमच्याकडे खुरपणीला येणाऱ्या एका मावशींच्या दोन्ही हातांवर कोड आहे. त्या पांढऱ्या जागी रंग नाही, म्हणजे यूव्ही न घातलेली नळीच. कुणीतरी सांगितलं, डाग आणि आग दोन्ही जातील, लिंबू चोळ. मावशींनी सकाळी लिंबू चोळलं आणि त्या रानात आल्या. दुसऱ्या दिवशी टपोरे फोड. आठ दिवसांची मजुरी बुडाली, हात दीड महिना काळेनिळे.

हे का झालं ते नीट समजून घ्या. लिंबाच्या सालीत आणि रसात, अंजिराच्या चिकात, बावचीच्या बियांत अशी द्रव्यं असतात जी कातडीवर असताना ऊन पडलं की कातडी कित्येक पटीनं भाजते. बावची कोडावर दिली जाते ती याच गुणासाठी, पण ते वैद्याच्या किंवा डॉक्टरच्या मापानं. पुरंदरकडचे अंजीरवाले तोडणीला पूर्ण बाह्या का घालतात ते त्यांना विचारा. म्हणून पोळलेल्या कातडीवर लिंबू कधीच नको. टूथपेस्ट, व्हिनेगर, हळद-चुना हेही नको.

कापड हे सगळ्यात स्वस्त औषध आहे, आणि आपल्या बायकांनी ते कुणी न सांगता शोधलं आहे. साडीवर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्यापासून हनुवटीपर्यंत बांधलेला रुमाल. पुरुष मागे आहेत. गांधी टोपीला मान द्यायचा तेवढा देऊ, पण ती कान, मान, कपाळ यांपैकी काहीच झाकत नाही. फेट्याचा शेमला मानेवर पडायचा ते बरं होतं. हिंदुस्थानातले गोरे शिपाईही टोपीमागे पांढरं फडकं सोडायचे, त्याला जनरल हॅवलॉकचं नाव पडलं. कापड निवडताना विणीकडे बघा. उजेडाकडे धरून आरपार दिसलं तर किरणही आरपार जातात. पातळ पांढरं सुती कापड घामानं भिजलं की आणखी कमी अडवतं. मावशींना आता जाड शर्ट आणि बोटं कापलेले मोजे आहेत, चेहऱ्यावरच्या डागासाठी डॉक्टरांनी सनस्क्रीन दिलं आहे. कोड असलेल्यांनी तो खर्च करावाच. बाकीच्यांनी आधी कापड.

कधी डॉक्टरकडे जायचं? तळहातापेक्षा मोठ्या भागावर फोड, ताप, थंडी वाजणं, उलटी, चेहरा सुजणं, किंवा लहान मूल असेल तर वाट बघू नका. फोड फोडू नका, ती वरची कातडीच आतल्या जखमेची पट्टी आहे.

शेवटी एक ओळख पटवून ठेवा, कारण दरवर्षी यात लोक फसतात. उन्हानं पोळलेलं असेल तर ते सावलीच्या जागा सोडतं. कानामागे, हनुवटीखाली, मानेच्या वळीत, पापणीच्या घडीत कातडी चांगली राहते. (रुपेरी मल्चिंगवाले हनुवटीचा नियम सोडून द्या.) पण तुमच्या पापण्या सुजल्यात, मानेच्या वळ्या आणि कोपराच्या घड्या खाजून जाड झाल्यात, आणि ते दर पावसाळ्यात परत येतंय, तर ते ऊन नाही. ते गाजर गवत असण्याची शक्यता जास्त. १९५० च्या दशकात पुण्यात ते पहिल्यांदा नजरेत आलं आणि १९७० च्या दशकात तिथल्याच कातडीच्या डॉक्टरांनी त्याच्या ॲलर्जीचे रुग्ण नोंदवायला सुरुवात केली. वाळलेल्या गवताची भुकटी हवेतून कातडीच्या घडीत जाऊन बसते, तिथं ऊन पोहोचत नसलं तरी. अशा माणसाला कोरफड आणि टोपी देऊन भागत नाही. त्याला गाजर गवत उपटायच्या कामावरून काढून दुसरं काम द्या, रानातून आल्यावर आंघोळ आणि कपडे बदलायला सांगा, आणि कातडीच्या डॉक्टरकडे पाठवा. गवत उपटायचं ते फुलावर यायच्या आधी, पाऊस पडून गेल्यावर ओल्या रानात, हातमोजे घालून.

डाळिंबावर साड्या आणि केओलिन यांचा हिशोब पुढच्या नोंदीत देतो. फळाचं गणित कातडीपेक्षा वेगळं आहे, तिथं उष्णताही जाळते.